विमान रद्द झाल्यावर: परतावा, नुकसानभरपाई आणि कोल्हापूरकरांची पदरमोड

विमान कंपनीने ऐनवेळी उड्डाण रद्द केले की प्रवाशाचे तीन वेगवेगळे हक्क उभे राहतात, आणि बहुतेक जण पहिला पदरात पडला की उरलेल्या दोहोंवर पाणी सोडतात. पहिला हक्क तिकिटाच्या पैशांचा किंवा पर्यायी विमानाचा, दुसरा नियमात ठरवून दिलेल्या नुकसानभरपाईचा, आणि तिसरा, ज्याविषयी मला आज सविस्तर लिहायचे आहे, तो त्या रद्द उड्डाणामुळे खिशातून गेलेल्या जादा प्रवासखर्चाचा. या तिन्हींचे कायदेशीर आधार वेगळे आहेत, दाद मागण्याच्या जागाही वेगळ्या आहेत, आणि परतावा घेतला म्हणून पुढचे दोन संपत नाहीत. कोल्हापुरातून विमानाने जाणाऱ्याला हा तिसरा हक्क माहीत असणे पुण्या-मुंबईच्या प्रवाशापेक्षा जास्त गरजेचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण आपल्या विमानतळाच्या स्वरूपात आहे. उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालापासूनची. २०१८ साली उडान योजनेतून येथे नियमित प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. हे सारे अभिमानाचे आहे. परंतु येथून कोणत्याही एका शहराला जाणारी विमाने मोजकीच आहेत. मुंबईत दुपारचे विमान रद्द झाले तर संध्याकाळच्या विमानात जागा मिळण्याची आशा तरी असते. येथे रद्द झालेल्या विमानाला त्या दिवशी पर्याय बहुधा नसतोच, आणि मग माणूस राष्ट्रीय महामार्गाकडे वळतो. पुणे सुमारे २३० किलोमीटर, मुंबई सुमारे ३८० किलोमीटर. विमानाच्या तिकिटापेक्षा गाडीचे भाडे कितीतरी जास्त होते, आणि त्या फरकाविषयी विमान कंपनी एक शब्द काढत नाही.

आता नियम पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानात चढू न देणे, उड्डाण रद्द होणे आणि उशीर होणे या तीन प्रसंगांसाठी विमान कंपन्यांवर बंधनकारक अशी नियमावली केली आहे. नागरी विमान वाहतूक आवश्यकतांच्या तिसऱ्या विभागातील एम मालिकेचा चौथा भाग, असा तिचा पत्ता आहे आणि पत्रव्यवहारात तो तसाच लिहावा. या नियमावलीनुसार उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा परतावा द्यावा. दोन आठवड्यांपेक्षा कमी परंतु २४ तासांपूर्वी कळवले, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान किंवा परतावा, यांतले प्रवाशाला मान्य असेल ते द्यावे. आणि २४ तासांच्या आत कळवले, किंवा एकाच तिकिटावर काढलेले पुढचे विमान या रद्द होण्यामुळे चुकले, तर प्रवाशाला मान्य असलेले पर्यायी विमान द्यावे, अथवा तिकिटाच्या पूर्ण परताव्याबरोबर नुकसानभरपाई द्यावी. नुकसानभरपाईचे आकडे उड्डाणाच्या ठरलेल्या कालावधीवर अवलंबून आहेत. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये. किंवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते.

'जे कमी असेल ते' या शब्दांपाशी आपण थांबले पाहिजे, कारण कोल्हापूरकरांचे नुकसान नेमके येथे होते. छोट्या शहरांतून सुटणाऱ्या विमानांची भाडी पुष्कळदा मुद्दाम आटोक्यात ठेवलेली असतात, आणि त्यातून विमानतळ शुल्क व कर वजा केले की मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून जेमतेम दोन हजारांच्या आसपास रक्कम उरते. म्हणजे वृत्तपत्रात वाचलेले ५,००० किंवा ७,५०० रुपये आपल्या वाट्याला सहसा येतच नाहीत. तिकीट जितके स्वस्त तितकी भरपाई तुटपुंजी, आणि पर्याय जितके कमी तितकी पदरमोड मोठी. मोठ्या शहरातल्या, महाग तिकीट काढलेल्या, हाताशी चार पर्याय असलेल्या प्रवाशाला या नियमाने जास्त मिळते, आणि ज्याला रात्रभर गाडीने मुंबई गाठावी लागते त्याला सर्वांत कमी मिळते. हा नियमातला खरा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा. तो दूर होईपर्यंत ही तूट भरून काढण्याचा मार्ग एकच उरतो, आणि तो ग्राहक संरक्षण कायद्यातून जातो.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. भाचीच्या साखरपुड्यासाठी मला आणि आईला दिल्लीला जायचे होते. कोल्हापूर ते मुंबई संध्याकाळचे विमान, रात्री दादरला मावशीकडे मुक्काम आणि पहाटे सहाच्या सुमारास मुंबईहून दिल्लीचे दुसऱ्या कंपनीचे विमान, असा बेत होता. प्रवासाच्याच दिवशी दुपारी 'ऑपरेशनल कारणास्तव' उड्डाण रद्द झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. संदेशात दोन दुवे होते, एक दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी आणि एक परताव्यासाठी. विमानतळावरील खिडकीवरचा तरुण कर्मचारी सौजन्याने बोलत होता, परंतु त्या दिवशी दुसरी सोय नाही, यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते.

परताव्याचा दुवा दाबण्यापूर्वी कंपनीला एक ई-मेल पाठवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. कारण परतावा स्वीकारल्यावर कंपनीचा नेहमीचा बचाव असतो की प्रवाशाने स्वखुशीने करार संपवला, मग पुढचा खर्च आमच्याकडे कशाला. मी खिडकीसमोर उभी असतानाच मोबाइलवरून लिहिले की, दुसऱ्या दिवशीचे विमान आम्हाला मान्य नाही, कारण पहाटेचे पुढचे विमान गाठायचे आहे. आजच्या आज मुंबईला पोहोचवण्याची सोय, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने किंवा रस्त्याने, आपण करावी. ती अर्ध्या तासात होत नसेल तर आम्ही स्वतः गाडी करून निघू आणि त्याचा जादा खर्च आपल्याकडून वसूल करू. परतावा आम्ही आमचे इतर हक्क राखून घेत आहोत. चार वाक्यांचे ते पत्र पुढे सगळ्या प्रकरणाचा कणा ठरले. त्यात मागणी होती, मुदत होती, खर्चाची पूर्वसूचना होती आणि हक्क राखून ठेवल्याची नोंद होती. उत्तर आले नाही, आणि उत्तर न येणे हासुद्धा पुरावाच आहे.

त्यानंतर पुराव्याचे काम सुरू होते. माझा व्यवसाय हिशेबाचा असल्याने मी याबाबत काटेकोर आहे, पण हे कोणालाही जमण्यासारखे आहे. कावळा नाक्याजवळच्या ज्या व्यावसायिकाकडून गाडी ठरवली त्याने नेहमीप्रमाणे सांगितले, "ताई, गाडी रिकामी परत यायची, त्यामुळं जाऊन-येऊन किलोमीटर लागणार." हे आपल्याकडच्या गाडीव्यवसायात सर्वमान्य आहे, परंतु विमान कंपनीच्या वकिलाला ते ठाऊक नसते किंवा ठाऊक असून नसल्यासारखे दाखवायचे असते. म्हणून बिलावर निघतानाचे आणि परत आल्यावरचे मीटरचे आकडे, दर किलोमीटरचा भाव, चालकाचा भत्ता आणि टोल अशा वेगळ्या ओळी लिहून घेतल्या. गाडीचा क्रमांक, दोन्ही प्रवाशांची नावे आणि 'कोल्हापूर ते मुंबई विमानतळ, एकेरी सोडणे, रिकामी परत' हे शब्द बिलावर आले. फास्टॅगच्या उताऱ्यावर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर या टोलनाक्यांवरून गाडी गेल्याच्या वेळा आपोआप उमटलेल्या असतात. गाडीमालकाकडून त्या उताऱ्याची प्रत मागून घ्यावी, कारण त्याच रात्री तो प्रवास प्रत्यक्ष झाला याचा इतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळत नाही. पैसे रोख न देता यूपीआयने दिले, म्हणजे ती नोंदही जोडता आली.

खर्च झाला एवढे सिद्ध करून भागत नाही. तो वाजवी होता, त्याहून स्वस्त आणि वेळेत पोहोचवणारा मार्ग नव्हता, हेही दाखवावे लागते. कारण नुकसान झालेल्या माणसाने ते वाढू न देण्याची काळजी घ्यावी, ही कायद्याची जुनी अपेक्षा आहे. आमच्या बाबतीत महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते, म्हणजे दिल्लीचे विमान सुटून गेल्यावर. हे रेल्वेच्या वेळापत्रकाच्या छापील प्रतीने दाखवले. बसने पहाटे विमानतळावर वेळेत पोहोचण्याची खात्री नव्हती, आणि आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने डॉक्टरांचा कागदही जोडला. गाडी साधी चार आसनांची होती. चैनीची मोठी गाडी करून तिचे बिल कंपनीच्या माथी मारू पाहणाऱ्याच्या खऱ्या खर्चाविषयीही संशय निर्माण होतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता हिशेबाकडे येऊ, कारण मागणीपत्रे सर्वांत जास्त येथेच घसरतात. आमच्या दोघींच्या तिकिटांचे एकूण ५,३०० रुपये होते. गाडीचे बिल टोल आणि भत्त्यासह ११,९०० रुपये झाले. बहुतेक लोक तिकिटाचे ५,३०० आणि गाडीचे ११,९०० असे दोन्ही मागतात. तसे करू नये. विमान सुटले असते तरी मुंबईला पोहोचण्यासाठी ५,३०० रुपये आपण खर्च केलेच असते. ते परत मिळाल्यावर रद्द होण्यामुळे सोसावा लागलेला जादा खर्च हा दोहोंतला फरक, म्हणजे ६,६०० रुपये एवढाच आहे. नियमानुसारची नुकसानभरपाई, आमच्या तिकिटांवर मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून प्रत्येकी १,९०० म्हणजे एकूण ३,८०० रुपये, ही वेगळ्या शीर्षाखाली मागायची. ऐनवेळी कळवल्याबद्दल नियमाने ठरवलेली ती रक्कम आहे, आणि ती देण्यासाठी प्रवाशाचा खर्च किती झाला हे कोणी विचारत नाही. ही रक्कम जादा खर्चातून वळती करायची की नाही, यावर कंपनी वाद घालणारच. आपण दोन्ही आकडे उघडपणे मांडावेत आणि निर्णय ग्राहक आयोगावर सोडावा. एक गोष्ट मात्र त्या आकड्यांवरून स्वच्छ दिसते. भरपाईचे सगळे ३,८०० रुपये गाडीच्या खर्चाला लावले तरी २,८०० रुपयांची तूट उरतेच. ज्यांनी प्रवासविमा काढला आहे त्यांनी तोच खर्च विमा कंपनीकडून आणि विमान कंपनीकडून दोनदा मागू नये. एकीकडून मिळाले तर दुसरीकडे तसे कळवावे.

परताव्यासंबंधी थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परतावा कार्डावर यायला हवा. एजंटामार्फत तिकीट काढले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते. पैसे कंपनीकडे पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचे की हातात घ्यायचे, हा निर्णय प्रवाशाचा आहे. कंपनीने तो परस्पर घ्यायचा नाही. नुकसानभरपाईसुद्धा व्हाउचरच्या रूपात द्यायची तर प्रवाशाची लेखी संमती लागते. आम्हालाही प्रथम व्हाउचर देऊ केले होते. आम्ही नम्रपणे नकार देऊन बँक खात्याचा तपशील पाठवला.

एजंटाचा विषय निघाला आहे तर एक सूचना आवर्जून करते. शाहूपुरीत किंवा स्टेशन रोडवर ओळखीच्या माणसाकडून तिकीट काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु पुष्कळदा तिकिटावर प्रवाशाच्या मोबाइलऐवजी एजंटाचाच क्रमांक आणि ई-मेल नोंदलेला असतो. प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर नुकसानभरपाई देय नाही, असे नियमावलीतच म्हटले आहे. तिकीट हाती आल्याबरोबर आपला क्रमांक त्यात आहे का, हे पाहून घ्यावे आणि नसेल तर तेथल्या तेथे बदलून घ्यावा.

दुसरी अडचण आपल्याकडच्या प्रवाशांना हमखास येते, ती वेगवेगळ्या तिकिटांची. कोल्हापूर ते मुंबई एका कंपनीचे आणि मुंबईहून पुढे दुसऱ्या कंपनीचे तिकीट असेल तर पहिले विमान रद्द झाल्यामुळे दुसरे चुकले तरी डीजीसीएच्या नियमानुसार त्याची भरपाई मिळत नाही, कारण तो नियम एकाच तिकिटावरच्या जोडविमानापुरता आहे. म्हणून शक्य असेल तेथे पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे, थोडे महाग पडले तरी. ते शक्य नसेल तर चुकलेल्या तिकिटाची किंमत ग्राहक आयोगापुढे प्रत्यक्ष नुकसान म्हणून मागता येते, मात्र दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवले होते हे दाखवावे लागते. आमची मधली संपूर्ण रात्र मोकळी होती, म्हणून या प्रश्नावर कंपनीला बोलायला जागा राहिली नाही.

कंपनीची खरी ढाल म्हणजे 'असाधारण परिस्थिती'. नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, राजकीय अस्थैर्य, सरकारी आदेश, संप, सुरक्षेचा धोका, हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाकडून आलेला उशीर, अशा कंपनीच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणांसाठी नुकसानभरपाई देय नसते आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी वैमानिकाला किंवा कंपनीला दोष देणे हा शुद्ध अविचार होईल. पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि दृश्यमानता घटली की विमान न उतरवण्याचा निर्णय आपल्याच जिवासाठी घेतलेला असतो, आणि त्याबद्दल भरपाई मागणे मला स्वतःला पटत नाही. परंतु अशाही वेळी परतावा किंवा पर्यायी विमान द्यावेच लागते, आणि विमानतळावर ताटकळणाऱ्यांच्या खाण्यापिण्याची सोयही कंपनीनेच करायची असते.

'ऑपरेशनल कारण' मात्र असाधारण परिस्थितीत आपोआप मोडत नाही. त्या दोन शब्दांच्या आड विमानाची कमतरता, कर्मचाऱ्यांची कमतरता, मागच्या फेरीचा उशीर, रिकाम्या जागा, काहीही असू शकते. म्हणून कारण काय, ते लेखी मागावे, आणि हवामानाचे कारण दिले गेले तर त्याच वेळी दुसरी विमाने तेथे उतरली का, हे विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावरून त्याच दिवशी टिपून ठेवावे. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा हा मुद्दा सर्वांसमोर आला. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांविषयीच्या नव्या नियमांचा पुढचा टप्पा त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता, आणि तो येणार हे आधीपासून माहीत असूनही मनुष्यबळाचे नियोजन पुरे पडले नव्हते. सरकारला परतावे ७ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत देण्याचा आदेश काढावा लागला आणि इतर विमानांच्या भाड्यांवर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० रुपये ही त्यातली सर्वांत खालची पायरी होती. आधी जाहीर झालेल्या नियमासाठी माणसे कमी पडणे आणि पंचगंगेला पूर येणे यांत फरक आहे, आणि तो प्रत्येक प्रवाशाने आपल्या तक्रारीत ठामपणे मांडायला हवा.

तक्रारीची वाट अशी जाते. प्रथम कंपनीचा ग्राहक विभाग, तेथे दाद न लागल्यास तिचा नोडल अधिकारी आणि त्यावर अपील प्राधिकारी; त्यांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. त्याबरोबरच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही वापरावा. परतावा आणि नियमानुसारची भरपाई यांसाठी ही दारे उपयोगी पडतात. आमचे ३,८०० रुपये नोडल अधिकाऱ्याच्या पातळीवरच खात्यात आले. गाडीच्या खर्चाबाबत मात्र कंपनीने तिकिटाच्या अटींवर बोट ठेवून हात वर केले. 'परोक्ष नुकसानीस', म्हणजे रद्द होण्याच्या परिणामी झालेल्या पुढच्या खर्चास, 'कंपनी जबाबदार नाही' हे तेथले वाक्य वाचून पुष्कळ लोक तेथेच थांबतात. थांबू नये. कंपनीने एकतर्फी छापलेली अट ग्राहक आयोगाला सेवेतील त्रुटी तपासण्यापासून रोखत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असावेत. पहिला २०११ चा, दिल्लीहून हैदराबादला निघालेल्या आणि धुक्यामुळे अडकलेल्या विमानाचा. त्यात प्रवासी हरला, कारण धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतील त्रुटी नव्हे असे ठरले; परंतु स्वस्त भाड्याच्या कंपनीलाही अडकलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही, असे न्यायालयाने सांगितले, आणि वाद फक्त दिल्लीच्याच न्यायालयात चालेल ही अट हैदराबादच्या प्रवाशाच्या आड येऊ दिली नाही. दुसरा निकाल २०२१ चा आणि रेल्वेचा आहे. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरचे विमान चुकले आणि त्यांना टॅक्सीने जावे लागले. उशीर आपल्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेला सिद्ध करता आले नाही, म्हणून टॅक्सीचे १५,००० रुपये, बुकिंगच्या खर्चाचे १०,००० रुपये आणि मानसिक त्रास व दाव्याचा खर्च म्हणून प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचा आदेश कायम राहिला. रेल्वेचा उशीर आणि विमानाचे रद्द होणे या वेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यामागचे तत्त्व आपल्या फार उपयोगाचे आहे: कारण सिद्ध करण्याचा भार वाहतूक करणाऱ्यावर आहे, आणि त्याच्या त्रुटीमुळे करावा लागलेला टॅक्सीचा खर्च वसूल होऊ शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे कोल्हापूरकरांची एक मोठी सोय झाली आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय कोठेही असो, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेल्या मोबदल्याची रक्कम, म्हणजे येथे तिकिटाची किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी कंपनीला नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि ती स्पीड पोस्टाने तसेच ई-मेलने पाठवावी. मोबाइलवरचे संदेश आणि ई-मेल यांच्या छापील प्रतींबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडले की प्रतींच्या सत्यतेवर आक्षेप घेत वेळ काढणे कंपनीला अवघड जाते.

तक्रारीतील मागणी मी चार स्वतंत्र परिच्छेदांत लिहिली होती: जादा प्रवासखर्च ६,६०० रुपये, त्यावर खर्चाच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाबद्दल आयोगाला योग्य वाटेल ती रक्कम आणि तक्रारीचा खर्च. मिळालेला परतावा आणि मिळालेली भरपाई यांचा उल्लेख सुरुवातीलाच केला होता. लपवलेली रक्कम समोरचा पक्ष उघड करणारच असतो, आणि मग आपल्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. मानसिक त्रासासाठी लाखो रुपये मागण्याची पद्धत मला मान्य नाही. त्याने तक्रारीला वजन येत नाही, फक्त समोरच्या वकिलाला तिची थट्टा करण्याची संधी मिळते.

ज्यांची मुले-बाळे परदेशी आहेत त्यांच्यासाठी थोडे वेगळे नियम आहेत. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या, किंवा बाहेरून युरोपात जाणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानाला तेथील २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. रद्द झाल्याचे चौदा दिवसांच्या आत कळवले आणि असाधारण परिस्थिती नसेल तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. फ्रँकफर्टहून मुंबईला निघालेल्या माणसाला ६०० युरोंची मागणी करता येते, मग विमान भारतीय कंपनीचे का असेना. तेथे भरपाई तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नाही, आणि आपल्याकडचा 'जे कमी असेल ते' हा निकष बदलावा असे म्हणताना मला हेच उदाहरण डोळ्यांसमोर दिसते. हॉटेल आणि जेवण देण्याचे कर्तव्य तर असाधारण परिस्थितीतही सुटत नाही. कंपनीने सोय केली नाही तर वाजवी खर्चाच्या पावत्या देऊन पैसे मागता येतात. इतर आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असतो, जो आपल्याकडे हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीतून अमलात आहे. त्यात ठरावीक भरपाई नाही. उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान पुराव्यानिशी, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मागता येते.

आमच्या तक्रारीचा शेवट तडजोडीने झाला. प्रकरण दाखल झाल्यावर कंपनीच्या वकिलांनी संपर्क साधला आणि फरकाची पूर्ण रक्कम तसेच तक्रारीचा काही खर्च देऊ केला. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात 'सर्व दावे, आजचे आणि भविष्यातील, पूर्ण व अंतिम समाप्त' असे लिहिले होते. मी त्यात उड्डाण क्रमांक, तारीख आणि दोन्ही प्रवाशांची नावे घालून तो त्या एका रद्द उड्डाणापुरता मर्यादित करून घेतला, आणि रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच तक्रार मागे घेतली जाईल असे वाक्य वाढवायला लावले. असा कागद समोर आला तर सही करण्यापूर्वी एवढे दोन बदल करून घ्यावेत, आणि कंपनीशी पत्रव्यवहार कितीही लांबला तरी तक्रार दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, ती कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ई-मेलची उत्तरे येत राहिली म्हणून ती पुढे सरकत नाही.